आर्डिथचा उजवा हात

बिशप सोरेनसन खिशातला कागद उलगडत माइकपाशी गेले, आणि ऑर्गनच्या बाकावर बसलेल्या आर्डिथ ओस्टलरने ओळखलं, आज आपला नंबर.

चर्चमधलं कुणाचं काम काढून घ्यायचं असलं की त्या रविवारी बिशपांचा आवाज गोड व्हायचा. त्यांच्या पंथात बिशपला पगार नसतो; एरवी सोमवार ते शनिवार ते टायर विकत. तिथेही गिऱ्हाइकाच्या खांद्यावर त्यांचा हात पडला की समजावं, चारही टायर बदलावे लागणार.

बुधवारी ती आपणहून त्यांच्या खोलीत गेली होती. लहानपणी तिनेच त्यांना पियानोवर बोटं ठेवायला शिकवलेलं, त्यामुळे दार लावल्यावर ती त्यांना नावानेच हाक मारी. ते मात्र पंथातल्या सगळ्या बायकांसारखं तिलाही 'सिस्टर'च म्हणत.

"थेन, माझा विश्वास राहिला नाही," ती म्हणाली होती. "लहानपणापासून जे शिकले, पोरांना शिकवलं, ते खरंच तसं घडलं असं मला आता वाटत नाही. वाचून झालं, रडून झालं. पण ऑर्गन माझ्याकडे राहू दे. विश्वास गेलाय, बोटं अजून शाबूत आहेत."

बिशपांनी लिमलेटच्या गोळ्यांची वाटी पुढे सरकवली. "शंका कुणाला येत नाहीत, सिस्टर ओस्टलर? मला तर माझ्याच टायरच्या गॅरंटीबद्दल येतात." मग आवाज उतरवून म्हणाले, "आम्ही तुम्हाला जाऊ देणार नाही. फक्त हे बाहेर बोलू नका. डिलॉयचा विचार करा. जनीलचा करा."

डिलॉय तिचा नवरा, जनील मुलगी. ऑर्गनचं मात्र ते काहीच बोलले नाहीत.

बाहेर बोलू नका, हे एकट्या आर्डिथलाच लागू होतं. दुसऱ्या दिवसापासून दारात ताटल्या यायला लागल्या. केळ्याचा पाव, बिस्किटं, चीज घालून भाजलेले बटाटे. घरात कुणी वारलं की पाठवतात तसले. तिची शंका काय, हे एकीनेही विचारलं नाही. ताटली परत करायची घाई नाही, हे मात्र प्रत्येकीने सांगितलं. आणि शुक्रवारी जनीलने नातवंडांना आणलं नाही. सर्दी झालीय म्हणाली. सगळ्यांनाच.

शनिवारी जेवताना आर्डिथ नवऱ्याला म्हणाली, "मला काढलं तर मी भर सभेत विरोधाला हात वर करणार."

डिलॉयचा काटा हवेतच थांबला. टर्की कोंबड्या पाळणारा साधा माणूस. "वेड लागलंय का तुला? विरोध कुणी करतं का कधी?"

"दर वेळी विचारतात की, विरोध असेल त्यांनी हात वर करा म्हणून."

"विचारायची रीत आहे गं ती. पाहुण्याला आपण 'अजून घ्या' म्हणतो तसं."

"मग मी घेणार आहे," ती म्हणाली. "जन्मभर हो म्हणत आले. एकदा सगळ्यांच्या देखत नाही म्हणायचंय. त्याशिवाय मला इथे राहताही येणार नाही आणि निघताही येणार नाही."

आता बिशप वाचत होते. "सिस्टर ओस्टलर यांना ऑर्गनच्या सेवेतून मुक्त करत आहोत. ज्यांना त्यांचे आभार मानायचे आहेत त्यांनी हात वर करावा."

सगळ्या सभागृहाचे उजवे हात वर गेले. डिलॉयचाही गेला. आभारांना विरोध विचारत नाहीत. आर्डिथ थांबली.

"त्यांच्या जागी सिस्टर जनील बॅगली यांना नेमत आहोत. संमती असेल त्यांनी हात वर करावा."

जनील पुढच्या रांगेत मांडीवरच्या पोराच्या केसांत तोंड लपवून बसली होती. सर्दी कसली होती ते आईला आत्ता कळलं. टायरच्या धंद्यातली सगळी अक्कल बिशपांनी इथे लावली होती. नाही म्हणायचं तर पोटच्या पोरीला म्हण.

हात वर गेले, खाली आले.

"विरोध असेल त्यांनीही तशाच खुणेने दाखवावं." हे वाक्य बिशप नेहमी पुढच्या वाक्याला चिकटवूनच म्हणत, मध्ये हात शिरायला जागा नसे. लोकांनी भजनाची पानं उलटायला सुरुवातही केली होती.

आर्डिथने हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता.

पानांची सळसळ थांबली. या प्रश्नानंतर वर आलेला हात त्या सभागृहाने कधी पाहिलाच नव्हता. डिलॉयने डोळे मिटून घेतले. जनीलने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

बिशप वळले. त्यांनी त्या हाताकडे क्षणभर पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"बघा!" ते माइकमध्ये म्हणाले. "लेकीला संमती द्यायला आईचाही हात वर आलाय! जरा उशिरा आला, पण आला. ऑर्गनला चिकटून बसून कान गेलेत बिचारीचे."

सगळे हसले. मायेने हसले. डिलॉय सर्वांत मोठ्याने हसला आणि त्याने डोळे पुसले. जनील धावतच मंचावर आली आणि तिने आईच्या गालाला गाल लावला. "मला वाटलं होतं, तू रागावशील," ती म्हणाली.

आर्डिथ बाकावरून उठली. ती मोठ्याने काहीतरी म्हणालीही. पण तोवर जनीलने पट्ट्या दाबल्या होत्या, आणि सगळी मंडळी गायला लागली होती.

सभा सुटल्यावर दारात एकेकाने तिचा तोच हात हातात घेऊन अभिनंदन केलं. शेवटी बिशप आले. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाले,

"कशाचा हात होता ते मला कळलं होतं, सिस्टर. म्हणून तर घाई केली."