टिचकी

गजराबाई कुंभारीण भाजलेली मडकी अंगणात मांडत होती. तेवढ्यात सकाळच्या एसटीतून धुळाप्पा एकटाच उतरला आणि घरी न जाता थेट तिच्या दारी आला. त्याची बायको सिताबाई म्हणजे गजराबाईची माहेरची, जिवाभावाची मैत्रीण. तापानं बेशुद्ध पडली म्हणून चार दिवसांमागं त्यानं तिला उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं होतं.

"एक मडकं दे," तारवटल्या डोळ्यांनी तो म्हणाला.

दारी आलेल्याला मडकं कशाला म्हणून कुंभारानं विचारायचं नसतं. पाण्यासाठी न्यायचं असलं तर माणूस टिचकी मारतो, खणखणीत वाजतं का ते कान लावून ऐकतो. मयताचं मडकं मात्र कुणी वाजवत नाही. उचलतो आणि मुकाट चालू लागतो.

तिनं मडकं पुढं केलं. धुळाप्पानं ते खांद्यावर घेतलं आणि पाठ फिरवली. गजराबाईनं तोंडात पदर कोंबला.

कुडाशी जाऊन तो थांबला. मडकं खाली उतरवलं. टिचकी मारली, परत मारली.

"बद्द वाजतंय की गं. दुसरं दे. ती शुद्धीवर आलीया, अन् मडक्यातलंच गार पाणी पायजे म्हनतीया."

आपल्या मडक्याला नाव ठेवलेलं गजराबाईनं आजवर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

"बद्दच हाय ते, दाजी!" ती रडत रडत ओरडली. "समदी वाजवून बघा, एक सोडू नका!"