ऋतासाठी नवं ग्राफिक कार्ड

सुधीरच्या घटस्फोटानंतर दोन वर्षांनी ऋता आईकडून, पुण्याहून, चार दिवस कोपरखैरण्याला राहायला येणार होती. लेकीची एकच आवड सुधीरला नक्की ठाऊक होती. ती कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसली की जेवायलाही उठायची नाही. त्याने तीन रविवार घालवून त्याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर, दुप्पट रॅम आणि तगडं ग्राफिक कार्ड बसवलं. बोटं सोलवटली, पण मशीन सुरू झालं.

ऋता आली. तिने कॉम्प्युटरवरून एकदा हात फिरवला आणि पलंगावर जाऊन बसली.

"खेळून तर बघ. आता अजिबात अडकत नाही," सुधीर म्हणाला.

"मी आता गेम खेळत नाही रे बाबा."

"का? किती आवडायचं तुला!"

"आवडायचं असं काही नाही. तू आणि आई भांडायला लागलात की मी हेडफोन लावून बसायचे. आता घरात कुणी भांडत नाही."

सुधीर "बरं" म्हणाला. चहा टाकतो, असं सांगून तो स्वयंपाकघरात गेला आणि गॅस न पेटवताच ओट्यापाशी उभा राहिला.