खिडकीतून काय दिसतं

पवनचक्क्यांची वीज शहराकडे नेणारी लाइन कुठून न्यायची, याचा सर्व्हे करणारी पोरगी घड्याळजीच्या दारात आली आणि तिने विचारलं, "काका, तुमच्या खिडकीतून काय बघायला आवडतं?" त्याला लगेच डावाचा वास आला. कंपनीची माणसं आवडीनिवडी विचारायला लागली की समजावं, काहीतरी लाटायचा बेत आहे. दोन वर्षं अंथरुणात पडून एकच टेकडी बघत दिवस काढणारी बायको आतून म्हणाली, "अगं, ती समोरची..." त्याने डोळे वटारून तिला गप्प केलं. "काही आवडत नाही. ओसाड टेकडी आहे, तिकडे कुत्रंसुद्धा बघत नाही. लिहून घे." पोरीने लिहून घेतलं, सही घेतली. "कसं गुंडाळलं!" म्हणत तो दिवसभर मिशीत हसत होता.

तीन महिन्यांनी नकाशा लागला. लाइन सगळ्यांच्या खिडक्या चुकवत, वळसे घेत आली होती आणि नेमकी त्या टेकडीवर चढली होती. तो ऑफिसात जाऊन कडाडला, "टॉवर आमच्याच नाकासमोर का?" पोरीने त्याच्याच सहीचा कागद पुढे केला. "काका, लोकांना जे बघायला आवडतं तेवढं सोडून लाइन न्यायची होती. म्हणून तर घरोघर विचारत फिरले."

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाली?"

"तरी मी सांगत होतो, लबाड आहेत सगळे," तो म्हणाला आणि खिडकीवर पडदा ठोकायला खिळे शोधू लागला.