बाकी राहिलेला रोजा

दुपारची नमाज झाली आणि रुकय्याबींच्या बरगडीखालचं कृत्रिम स्वादुपिंड थरथरलं. कानातल्या मण्यातून आवाज आला, "साखर फार उतरली आहे. रोजा सोडा."

त्यांनी कुरकुरत सुनेला ते सांगितलं. मधुमेहामुळे कित्येक वर्षं त्यांचे रोजे सुटले होते. त्याबदल्यात गरिबाला जेवण, म्हणजे फिदया द्यायचा, म्हणून दर रमजानमध्ये डबा शेजारच्या जुबेदाकडे जायचा. हे नवं स्वादुपिंड बसवल्यावर कुठे यंदा डॉक्टर हो म्हणाले, आणि पहिल्याच रोजाला ही कटकट.

"अम्मी, सहरीला काय खाल्लंत?" सून तहसीनने विचारलं.

"चहा आणि खारी. पहाटे भूक कुणाला असते?"

"मग ते तरी बिचारं काय करणार?" तहसीनने त्यांच्या हातावर खजूर ठेवला.

रुकय्याबींनी तो डोळे मिटून खाल्ला. थोड्या वेळाने थरथर थांबली.

"जुबेदाखालांना आजच्या फिदयाचा डबा देऊन येते," तहसीन म्हणाली.

"डबा दे, तिला तो लागतोच. पण फिदया म्हणून नको. बरं होण्याची आशा नसलेल्याने फिदया द्यायचा. माझा हा रोजा बाकी राहिलाय, ईदनंतर मी स्वतः धरणार आहे."

मग त्यांनी बरगडीवर हात ठेवला.

"आणि त्या दिवशी सहरीला आम्ही दोघं पोटभर जेवू."