दारावरची तारीख

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या लूम कामगारांच्या चाळीत सरलाबाई दारं वाचत चालल्या होत्या. बाळंतिणीला तपासून झालं की नर्सने दारावर खडूने तारीख घालायची, ही पद्धत त्यांनीच पाडलेली. बावीस वर्षं त्यांनी याच गल्ल्या तुडवल्या. जूनपासून त्या नर्सिंगच्या शाळेत शिकवायला लागल्या, आणि आज विद्यार्थिनींचं काम बघायला आल्या होत्या.

शेवटच्या खोलीवर दोन तारखा होत्या, बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या दिवसाची आणि सातव्या दिवसाची. खाली जयश्रीची सही. आज दहावा दिवस.

"अक्षर छान आहे गं तुझं," बाई म्हणाल्या. मागे उभी असलेली जयश्री लाजली.

दार उघडंच होतं. आत बाळंतिणीचा नवरा निंबा भिंतीला टेकून बसला होता. शेजारीण तान्ह्याला चमच्याने दूध पाजत होती. खाट रिकामी होती.

"परवा गेली," शेजारीण म्हणाली. "आठवडाभर ताप होता."

सरलाबाई जयश्रीकडे वळल्या. "तू आत गेली होतीस?"

"दार बंद होतं बाई, दोन्ही वेळा." जयश्रीला रडू फुटलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना, रातपाळीवाल्याचं दार दिवसा वाजवू नका, माणूस झोपलेला असतो. आणि तारीख नसली की गैरहजेरी लागते."

सांगितलं होतं खरं. वर्गाला हसवत, रातपाळीवाल्यांच्या शिव्यांची नक्कल करून सांगितलं होतं. पण संध्याकाळी पाच वाजता लोक उठले की आपण परत यायचो, पोट चाचपायचो, अंग तापलंय का बघायचो आणि मगच खडू काढायचो, हे सांगायचं राहूनच गेलं. त्यात सांगण्यासारखं काय, असंच त्यांना वाटलं होतं. डोंबल शिकवलं.

"चूक माझी आहे, निंबाभाऊ," त्या म्हणाल्या. "ही पोरगी माझ्या हाताखाली शिकते."

निंबाने मान वर केली नाही. तान्ह्याकडे बघत तो आपल्या खानदेशी बोलीत म्हणाला.

"ती दोन्ही डाव म्हने, कोनी उनंच नही, दार वाजनंच नही. मी तिलेच खोटं पाडं, बाई. मी म्हनं, दारवर तारीख शे ना."