सर्वोत्कृष्ट अभिनेत्री

भिंतीवरच्या फोटोतली मुलगी हातात ट्रॉफी घेऊन हसत होती. खाली ठळक अक्षरांत ‘सर्वोत्कृष्ट अभिनेत्री’. टिल्लू त्या फोटोपाशी थबकली ती हलेचना. शाळेपासून नाटकाचं वेड घेतलेली पोर. दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला होता, आणि कुठल्या तरी एकाला आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

“कुठल्या वर्षाला आहे ही?” आईने कौतुकाने विचारलं.

“तो? शेवटच्या वर्षाला,” वसतिगृहाच्या रेक्टरबाई हसून म्हणाल्या. “मुलगा आहे तो. ओळखू येत नाही ना?”

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तालमी रात्री जेवणानंतर होतात. मुलींच्या वसतिगृहाचं गेट सातला बंद होतं. त्यामुळे नाटकातली बायकांची कामंही मुलंच करतात, आणि काय सुंदर करतात! मुली मागे नाहीत हां, कपडे त्याच शिवतात. यंदाचं नाटक तर एका मुलीनेच लिहिलंय. घरात काटकसर कशी करते हे सुनेने सांगावं, तशा अभिमानाने बाई सांगत होत्या.

बाबांचा चेहरा खुलला. सकाळी पहिलं कॉलेज पाहिल्यापासून त्यांचं बिनसलं होतं. तिथे नाट्यगृह नाही. कँटीनमधली टेबलं भिंतीला सारून पोरं तालीम करत होती. एक मुलगी बाकावर उभी राहून राजाला झापत होती, आणि राजा हसू दाबत होता. रात्री उशिरापर्यंत चालतं म्हणे, मग सगळे मिळून चालत वसतिगृहावर जातात. हे कॉलेज आहे की जत्रा, असं बाबा बाहेर पडताच पुटपुटले होते. टिल्लू मात्र वळून वळून त्या बाकाकडे बघत होती.

इथे नाट्यगृह होतं, पोहण्याचा तलाव होता, संगीताची खोली होती, विद्यार्थ्यांचा स्वतःचा रेडिओ होता. बाबा एकेक गोष्ट बोटांवर मोजत होते. शिवाय वर शिस्त. मुलीच्या बापाला आणखी काय हवं?

“मुलांचं गेट किती वाजता बंद होतं?” आईने विचारलं.

मुलांना गेट नाही, असं बाई म्हणाल्या. मुलींचं कसं असतं, पालकांनाच काळजी असते. अंधार पडल्यावर बाहेर कोण कसं भेटेल, सांगता येतं का?

“आवारात बाहेरचं कुणी येतं का रात्री?”

“छे, छे. भिंत आहे ना चहूकडून. आपलीच मुलं असतात.”

“मग त्यांना कोंडा की.”

बाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी घसा खाकरला आणि बायकोला डोळ्यांनी दटावलं. बायको नर्स होती. लग्न झाल्यापासून रात्रपाळ्या करत होती, आणि हाच माणूस डबा हातात देऊन तिला बसथांब्यापर्यंत सोडायला येत होता. तेव्हा अंधार कुणाला दिसला नव्हता. तिने तसं बोलून दाखवलंही. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, “तुझं वेगळं आहे. ते काम आहे.”

“हो, आणि हिची थेरं.”

भांडण पेटणार हे बघून टिल्लू मध्ये पडली. “चालेल मला इथे,” ती म्हणाली. “मी कपड्यांचं बघेन. नाहीतर लिहीन.”

रेक्टरबाईंच्या बोलण्याने आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली नव्हती, ती या ‘चालेल’ने गेली. अजून कॉलेजात पाऊल टाकलं नाही, आणि पोरगी स्वतःला आक्रसून घ्यायला शिकलीसुद्धा.

ते गेटबाहेरच्या ऑफिसातून निघाले तेव्हा नुकतंच गेट लागलं होतं. पहारेकरी कुलूप ओढून बघून स्टुलावर टेकला होता. गेटच्या बाहेर फोटोतला तो मुलगा लांबलचक झगा घालून उभा होता, आणि आतून एक मुलगी गजांतून हात घालून त्याच्या कमरेला टाचण्या लावत होती. नाटक तिनेच लिहिलेलं असावं, कारण टाचण्या लावता लावता ती त्याच्याकडून वाक्यंही म्हणवून घेत होती.

“दार उघडा,” तो लाडिक आवाजात म्हणाला.

“अरे, ती चहा मागत नाहीये,” मुलगी म्हणाली. “घरच्यांनी कोंडलंय तिला. पुन्हा म्हण.”

त्याने पुन्हा म्हटलं. जरा मोठ्याने, इतकंच. मुलीने तोंडातली उरलेली टाचणी काढली, दोन्ही हातांनी गज धरले आणि ओरडली, “दार उघडा!”

पहारेकरी ताडकन उठला. त्याने खिशातून किल्ली काढली, कुलुपाला लावली. मग ऑफिसच्या दारात उभ्या रेक्टरबाईंकडे त्याची नजर गेली.

“बसा हो,” त्या म्हणाल्या. “नाटक आहे ते.”

तो ओशाळून खाली बसला. झगा घातलेला मुलगा टाळ्या वाजवायला लागला. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी तेच वाक्य हाणलं. मग शेजारच्या खिडकीतून. पोरी हसत होत्या, ओरडत होत्या. टिल्लू हसत नव्हती. ती बाबांकडे बघत होती, आणि बाबा बुटांकडे.

आईने फोन काढला आणि सकाळच्या कॉलेजातल्या नाटकाच्या सरांना लावला. मुलगी तुमच्याकडे येतेय, नक्की, असं एका दमात सांगून टाकलं. सरांना नीट ऐकू येईना. त्यांनी विचारलं, “मागे कोण ओरडतंय एवढं?”

“मुली आहेत,” आई म्हणाली. “सात वाजले ना.”