नवं नाव

सासूबाईंच्या ओठांशी तीर्थाचा चमचा नेला, तर पाणी हनुवटीवरून ओघळलं. काल अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. "नावानं हाक मारत राहा. आज काही गिळलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल," असं डॉक्टर सांगून गेले होते. सासूबाईंना तीर्थ दिल्याशिवाय मी पाणी घेत नाही. तो माझा रोजचा नेम.

"जानकीबाई! अहो आई!"

ओ आली नाही.

खाटेशेजारी बसूनच ऑफिसचं काम चाललं होतं. सर्व्हरला नवं नाव दिलं होतं, पण दर आज्ञेला तो तक्रार करायचा, या नावाचं कुणी सापडत नाही. शेवटी ऑफिसातल्या मृणालला फोन लावला.

"अगं, नाव बदललंस, पण त्याच्या होस्ट्स फाइलीत, म्हणजे नावांच्या यादीत, जुनंच राहिलंय. त्या बिचाऱ्याला स्वतःचं नवं नाव ठाऊकच नाही!" ती हसली.

मला हसू आलं नाही. सासूबाईंच्या लग्नात मामंजींनी ताटातल्या तांदळांवर 'जानकी' लिहिलं, त्याआधी माहेरी त्या वेणू होत्या. त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

सासूला एकेरी हाक मारायला जीभ रेटेना. मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि त्यांच्या कानाशी वाकले.

"वेणू! ए वेणू, तीर्थ घे बाळ."

पापण्या हलल्या. "ओ, आई," असं पुटपुटत त्यांनी तोंड उघडलं.

इतकी वर्षं मीच त्यांना आई म्हणत आले होते. तीर्थ सांडू नये म्हणून मी चमचा दोन्ही हातांनी धरला.